चिंध्यांची सतरंजी

जुनी लुगडी, साड्या, धोतरे, चादरी आणि शिंप्याकडची कात्रणे यांच्या पट्ट्या करून विणलेले जाड अंथरूण. यात ताणा, म्हणजे उभे धागे, नव्या सुताचा असतो आणि बाणा, म्हणजे आडवी भरणी, चिंध्यांची असते. वाकळीशी तिची गल्लत होते, पण दोन्हींची घडणच निराळी. वाकळ (वऱ्हाडीत ‘वाकय’) शिवलेली असते: फडक्यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने घट्ट केलेले. सतरंजी विणलेली असते.

विदर्भात वाकळ घरोघर आणि चिंध्यांची सतरंजी क्वचित, याचे कारण या फरकातच आहे. वाकळीला सुई-दोरा पुरतो; घरची बाई दुपारच्या उसंतीत ती शिवते. सतरंजीला माग लागतो आणि ताण्याचे सूत विकत घ्यावे लागते. माग होता कोष्ट्याच्या घरी, चिंध्या होत्या शेतकरणीच्या गाठोड्यात. त्यातल्याही बऱ्याच बोहारीण भांड्यांच्या बदल्यात घेऊन जाई.

हा प्रदेश कापसाचा, आणि विणकामाचाही. नागपूर, उमरेड, पवनी, भंडारा येथे कोष्टी, हलबा कोष्टी आणि मोमीन विणकरांनी सुती-रेशीमकाठी लुगडी, धोतरे विणली. गावोगावचे जाडेभरडे कापड विणण्यात महार विणकरांचा मोठा वाटा होता. विणकामाच्या इतिहासात तो फारच कमी सांगितला जातो. पूर्वेकडे, आरमोरीच्या बाजूला, ढिवर समाजाचे लोक ऐनाच्या झाडांवर कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, किडे पाळत आले. सतरंज्यांसाठी अकोटचे नाव जुने आहे, पण त्या नव्या सुताच्या, विकायला विणलेल्या.

रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल तिथे सुरू झाली. पुढे हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा येथेही गिरण्या निघाल्या. हातसूत मागे पडले. हातमागावरही गिरणीचे सूत चढले. कापड स्वस्त झाले तेव्हाच चिंधी मुबलक झाली. सूत हाताने कातावे लागे त्या काळात कापड फाटले तरी ठिगळ लागे, मग बाळोते होई, शेवटी दिव्याची वात. विणायला उरणार काय? इतरत्रही असेच दिसते. स्वीडनमध्ये चिंध्यांच्या गालिच्याला ‘त्रासमत्ता’ म्हणतात. तो घराघरांत पसरला एकोणिसाव्या शतकात, गिरणीच्या कापडामागून. उलट जपानच्या उत्तर भागात, जिथे थंडीमुळे कापूस पिकत नाही, तिथे जहाजांतून आलेले जुने सुती कपडे फाडून ‘साकिओरी’ विणत. तिथे चिंधीच मोलाची होती.

चिंधीला मान देणारा माणूस विदर्भातलाच. शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेले गाडगे महाराज चिंध्या जोडलेला अंगरखा घालत, म्हणून लोक त्यांना चिंधेबुवा, गोधडे महाराज म्हणत.

विणण्याआधीचे काम अर्ध्याहून अधिक असते. कापड धुऊन रंग सुटत नाही ना हे पाहतात. बटणे, जाड शिवणी काढतात. मग पट्ट्या. कापड कापत नाहीत, फाडतात: कडेला कात्रीने छेद देऊन दोन्ही हातांनी ओढले की ते टर्रकन धाग्याच्या रेषेत फाटते आणि पट्टी शेवटपर्यंत सरळ राहते. साडेपाच मीटर लांब, सव्वा मीटरच्या आतबाहेर पन्ह्याची साडी अडीच सेंटिमीटर रुंदीने फाडली की २५० ते २७५ मीटर पट्टी मिळते. पट्ट्यांना गाठ मारणे सोपे, पण गाठी पाठीला टोचतात. चांगली विणकरीण दोन्ही टोकांना बारीक छेद देते, एकात दुसरे ओवते, पट्टीचे उरलेले टोक त्यातून काढून ओढते. सांधा बोटालाही लागत नाही. मग चेंडूसारखा गुंडा करतात.

ताण्याला दोन-तीन पदरी पक्के सुती सूत घेतात. खड्ड्याच्या मागावर पायाखालच्या लाकडी पट्ट्या दाबल्या की उभे धागे वरखाली होतात आणि मधून वाट उघडते. धावत्या धोट्यात, म्हणजे बाण्याचे सूत इकडून तिकडे नेणाऱ्या साधनात, चिंधी मावत नाही, म्हणून ती लांब लाकडी पट्टीवर गुंडाळून हाताने सरकवतात आणि फणीने ठोकतात. माग नसेल तर बाजेसारख्या लाकडी चौकटीला खिळे ठोकून ताणा बांधता येतो. पायपुसणी अशी घरी होतात.

खरे कसब कडेला दिसते. बाणा ताणून घातला तर सतरंजी मधोमध बारीक होत जाते. म्हणून पट्टी आत घालताना कमानीसारखी सैल ठेवतात. ठोकताना ती आपोआप बसते. सतरंजी विकत घेताना रंगांआधी दोन्ही काठ पाहावेत.

एका सुती साडीत दारातले पायपुसणे किंवा आसन होते. माणूस निजेल एवढ्या सतरंजीला चार-सहा साड्या जातात. आता गाठोड्यात सिंथेटिक साड्याच जास्त. त्यांचे रंग टिकतात, वजन हलके राहते, पण पाणी शोषत नाहीत. न्हाणीच्या दाराशी सुतीच हवे.

सतरंजी झिजते ती ताण्यातून. चिंधी शाबूत असते आणि उभे सूत घडीच्या जागी तुटते. मग ती तिथे कापून, दशांना नव्या गाठी मारून, दोन पायपुसणी करतात.