ऑपरेशन थिएटरच्या बाहेरचं घड्याळ

चवथीच्या आदल्या दिवशी आमचे काका माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती फळाफुलांची चौकट, बांधायला स्टुलावर चढले, स्टूल कलंडलं आणि घोटा असा वळला की पाऊल भलतीकडेच बघत होतं. ऑपरेशन नऊ दिवसांनी झालं. तास-सव्वा तास लागेल म्हणून सांगितलेलं, अडीच तास झाले तरी काकांना बाहेर आणलं नव्हतं, आणि बाकड्यावर बसलेली काकू दर पाच मिनिटांनी "आत काहीतरी बिनसलंय रे" म्हणत होती.

तिची भीती अगदीच खोटी नाही. वेगवेगळ्या ऑपरेशन्सवरच्या 66 अभ्यासांचा एकत्र आढावा 2018 साली छापून आलाय, त्यात असं दिसलं की ऑपरेशन जेवढं लांबतं तेवढी नंतरची गुंतागुंत वाढते, दर अर्ध्या तासामागे तिची शक्यता साधारण 14 टक्क्यांनी. कारणं समजण्यासारखी आहेत. जखम जास्त वेळ उघडी म्हणजे जंतूंना जास्त वेळ दार उघडं, आतलं मांस सुकतं, कातडी ओढून धरलेली असते ती दुखावते. त्यात रक्त थांबवायला मांडीला टूर्निकेट, म्हणजे बीपीच्या पट्ट्यासारखा हवा भरलेला पट्टा आवळलेला असतो, तो साधारण दोन तासांच्या वर ठेवत नाहीत कारण खालच्या स्नायूंना आणि नसांना तेवढा वेळ रक्तच मिळत नाही. काप घेण्याआधीच्या तासाभरात अँटिबायोटिक देतात, बहुतेक वेळा सेफाझोलिन, त्याचा असर पण उतरत जातो, चार तासांवर गेलं तर परत डोस.

आणि घोट्यावर मांस असं नाहीच, कातडी की लगेच हाड. सुजलेल्या कातडीवर काप घेतला तर टाके ताणतात, जखम उघडते, म्हणून तर नऊ दिवस थांबले. डॉक्टर रोज येऊन घोट्यावर बारीक सुरकुत्या पडल्या का ते बघायचे, सुरकुती दिसली म्हणजे सूज उतरली. काकूला वाटायचं नुसतंच बघून जातात.

पण आकडा खरा असला तरी दोष घड्याळाचाच असं होत नाही. चवथीच्या दिवसांत पणजी-फोंडा बस बघा, गर्दी असते म्हणून बसला उशीर होतो, आणि उशीर झाला म्हणून पुढच्या स्टॉपवर अजून माणसं साचतात. कोणामुळे कोण ते सुटं करता येत नाही. इथेही तसंच, बाहेरच्या बाजूचं एकच हाड मोडलं असेल तर काम पटकन होतं, पण आतलं, बाहेरचं आणि मागचं अशा तिन्ही ठिकाणी मोडलं तर वेळ लागणारच आणि त्या पायाला मार पण मुळातच जास्त बसलेला असतो. संशोधक आकडेमोड करून हे वेगळं काढायचा प्रयत्न करतात, पण हाडाचा चुरा किती झालाय हे रेकॉर्डमधल्या एका कोडमध्ये नीट उतरत नाही. शुगरचंही बघावं लागतं, आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2023 साली छापून आलेल्या पाहणीत गोव्यात 26.4 टक्के मोठ्या माणसांना डायबिटीस निघाला, देशात सगळ्यात जास्त, आणि शुगर वाढलेली असेल तर जखम भरायला त्रास होतोच. काकांना पण आहे, आणि चवथीच्या नेवऱ्या समोर आल्या की ते विसरतात.

मग घाई करावी का? 1976 सालचा एक गाजलेला प्रयोग आहे, त्यात घोट्याच्या सांध्यातलं टॅलस नावाचं हाड फक्त 1 मिलिमीटर बाहेर सरकवलं तर हाडाला हाड टेकतं ती जागा सरासरी 42 टक्क्यांनी कमी झाली. म्हणजे तेवढाच भार कमी जागेवर, आणि पुढे सांधा झिजायची तयारी. दहा मिनिटं वाचवायला हाड वाकडं सोडण्यात काय अर्थ आहे.

शेवटी डॉक्टर बाहेर आले, मास्क खाली करून म्हणाले, मागचा तुकडा मनासारखा बसत नव्हता, सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशन चालू असताना वापरतात त्या एक्स-रे मशीनवर, बघितलं, स्क्रू काढून परत बसवला, आता छान आहे. काकूने ऐकून घेतलं आणि ते गेल्यावर मला म्हणाली, "मग पहिल्यांदाच नीट बसवायचा ना."