मे महिन्यातले शहारे

वणीकडच्या एका गावात, ऐन मे महिन्यात, दुपारी तीनच्या सुमारास मी एका पोराला गोधडी पांघरून बसलेलं पाहिलं. बाहेर पारा पंचेचाळीसला टेकलेला, कुलरचं पाणीसुद्धा कोमट झालेलं, आणि हा ओसरीच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन कुडकुडत होता. हातावरचे केस ताठ उभे. नाकातोंडातून पाणी. दर दोन मिनिटांनी जबडा निखळेल अशी जांभई.

"हीव भरलं जी पोट्ट्याले," त्याची आई म्हणाली. "तीन रोज झाले. रगत पाह्यलं, मलेरिया नाही म्हन्ते. सलाईन लावली, गोया देल्ल्या, काही फरक नाही."

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही. पण एक गोष्ट खटकली. ओसरीवर डोळे दिपवणारं ऊन होतं, तरी पोराच्या डोळ्यांतल्या बाहुल्या अंधारात असाव्यात तशा मोठ्या झालेल्या. आई पाणी आणायला आत गेली तसा तो हळूच बोलला, "सर, मायले सांगू नोका. पावडर हाय."

पावडर म्हणजे गर्द, ब्राउन शुगर, अशुद्ध हेरॉइन. चार वर्षं मुंबईत कामाला होता, तिथे लागली. गावात मिळत नाही, म्हणून इथे आपोआप सुटेल अशा हिशेबानं तो घरी आला होता.

आमच्याकडचं व्यसन म्हटलं की मोहाची दारू, गांजा आणि पानठेल्यावर घोटून पन्नीत मिळणारा खर्रा. गर्द हे इथलं पीक नाही. ते कामाला बाहेर गेलेल्या पोरांबरोबर आणि हायवेवरच्या ट्रकांबरोबर येतं, आणि म्हणूनच ते कोणाला ओळखू येत नाही. देशाचं चित्र मात्र लहान नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात सुमारे २.२६ कोटी लोक अफूवर्गीय पदार्थ घेतात, आणि त्यांतल्या सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज आहे. घेणाऱ्यांत अफूपेक्षा हेरॉइनवाले जास्त निघाले.

दिवाळीच्या अनारशावरची खसखस आणि ही पावडर एकाच झाडाची. हिरव्या बोंडाला चिरा दिल्या की चीक गळतो, तो अफू. मंदसौर, नीमचकडे सरकारी परवान्यानं ही शेती आजही होते. झेर्ट्युर्नर नावाच्या जर्मन औषधनिर्मात्यानं १८०५ च्या सुमारास अफूतून मॉर्फिन वेगळं केलं. १८७४ साली लंडनमध्ये राइट नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं त्या रेणूला दोन ॲसिटिल गट, म्हणजे अणूंचे छोटे जुडगे, चिकटवले. तेच हेरॉइन. पुढे १८९७ मध्ये बायर या जर्मन औषधकंपनीच्या फेलिक्स हॉफमन यांनी तेच पुन्हा केलं, आणि काही दिवसांच्या अंतरानं त्याच हातांनी ॲस्पिरिनही बनवलं. १८९८ पासून हेरॉइन चक्क खोकल्याचं औषध म्हणून विकलं गेलं. ते दोन गट चिकटले की रेणू चरबीत जास्त विरघळतो आणि रक्तातून मेंदूत झटक्यात शिरतो. आत गेल्यावर पुन्हा मॉर्फिनच होतो. म्हणजे माल जुनाच, फक्त गाडी वेगवान. माझ्या विषयातलं हे मला सर्वांत क्लेशकारक उदाहरण वाटतं.

मेंदूत या रेणूंसाठी आधीच जागा असतात, त्यांना ग्राही म्हणतात. १९७३ साली त्या सापडल्या, आणि दोनच वर्षांत कळलं की शरीर स्वतःही अफूसारखी रसायनं बनवतं, ती इथेच बसतात. हेरॉइन तिथे बसलं की वेदना शमते, सुखाची लाट येते, आणि श्वास, आतडी, सावधपणा सगळं मंदावतं. रोज असंच होऊ लागलं की मेंदू उलट जोर लावायला शिकतो. भरलेली बंडी चढावर ओढणाऱ्या बैलांसारखा. आणि एके दिवशी जोतं तुटतं. बैल तोंडावर जातात.

पोराच्या अंगावरचे शहारे म्हणजे तेच. मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा पेशींचा एक निळसर ठिपका आहे, शरीराचा अलार्मच म्हणा. हेरॉइन त्याला दाबून ठेवतं. शेवटच्या डोसनंतर आठ-बारा तासांनी तो मोकाट सुटतो. मग सगळं उलटं: बारीक बाहुली मोठी होते, बद्धकोष्ठाच्या जागी जुलाब, सुस्तीच्या जागी झोपेचा पत्ता नाही, हाडं फुटल्यासारखी दुखतात, पाय आपोआप झटकले जातात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस, आठवडाभरात ओसरतं. यानं माणूस सहसा मरत नाही. पण विदर्भातल्या मे महिन्यात जुलाब-उलट्या चालू असलेल्या पोराला पत्र्याच्या खोलीत कडी घालून ठेवलं तर उन्हानं आणि पाणी तुटल्यानं मरू शकतो. (दारूचं गणित वेगळं आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नये, झटके येऊन जीव जातो.)

या आठवड्यात तो अलार्म शांत करणारं क्लोनिडिन, जुलाबाची आणि दुखण्याची औषधं, मिठासाखरेचं पाणी यांनी त्रास पुष्कळ कमी होतो. आमच्या पोराचंही तसंच झालं. आठव्या दिवशी तो भाकर मागून जेवला. आईनं देवीला नारळ फोडला. सुटलं म्हणाले सगळे.

खरा धोका तिथून सुरू झाला, आणि तो मलाही तेव्हा कळला नव्हता.

विसाव्या दिवशी तो थकलेला पगार आणायला मुंबईला गेला. जुन्या मित्रांत बसला, जुन्याच मापानं घेतलं. तीन आठवड्यांत शरीर ते माप पेलायचं विसरलं होतं. ओठ निळे पडले, घशातून घरघर, मिनिटाला चार-पाच श्वास. मित्रांनी थोबाडीत मारल्या, डोक्यावर पाणी ओतलं. कोणीतरी शहाणा निघाला म्हणून रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथे नालोक्सोनचं इंजेक्शन मिळालं. हे औषध ग्राहीवरून हेरॉइनला ढकलून जागा रिकामी करतं, आणि माणूस मिनिटा-दोन मिनिटांत श्वास घेऊ लागतो. पण त्याचा असर तास-दीड तासाचा, त्यामुळे दवाखान्यातून लगेच उठून जायचं नसतं. असा कोणी दिसला तर १०८ ला फोन करा. श्वास अगदी मंद किंवा बंद असेल तर तोंडानं श्वास द्या, आणि श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून ठेवा.

जागेचाही यात हात असतो. सिगेल नावाच्या मानसशास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये उंदरांना हेरॉइनची सवय लावली आणि मग मोठा डोस दिला. ओळखीच्या खोलीत ३२ टक्के उंदीर मेले, अनोळखी खोलीत तोच डोस देऊन ६४ टक्के. ओळखीच्या खुणा दिसल्या की शरीर आधीच उलट जोर लावून बसतं. अनोळखी जागी तो जोर लागत नाही. आता याचीच दुसरी बाजू पाहा. वायकलर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी नोंदवलं होतं की महिनोन्महिने व्यसनमुक्त असलेली माणसं जुन्या मोहल्ल्यात पाय ठेवताच जांभया देऊ लागतात, नाक वाहू लागतं. खुणा होत्या, शरीरानं जोर लावला, पण पावडर आलीच नाही.

पोरानं मला पुढे सांगितलं, त्याला पानठेल्यापाशी जाववत नाही. खर्ऱ्यामुळे नव्हे. तिथे पायाशी सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी पडलेली असते. तो त्याच पन्नीवर पावडर जाळून धूर ओढायचा. ती दिसली की नाकाला पाणी सुटतं, आजही.

मग गावी राहिला तर बरा होईल का? व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी अभ्यास केला. तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी घरी परतल्यावर पहिल्या वर्षात फक्त पाच टक्क्यांच्या आसपास पुन्हा अडकले. जागा बदलण्याची ताकद एवढी मोठी. पण त्या सैनिकाला व्हिएतनामला परत जायचं नव्हतं. आमच्या पोराला सोयाबीन निघाल्यावर मुंबईलाच जायचं असतं, कारण तीन एकर कोरडवाहूवर घर चालत नाही. गावाला आणलं म्हणजे उपचार झाला, ही समजूत मला म्हणूनच घातक वाटते.

जे खरोखर टिकतं ते औषध, आणि त्यावरच गावात सर्वांत जास्त वाद. ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही दोन नावं. दोन्हीही अफूवर्गातलीच. "म्हणजे नशा सोडवायले नशाच देता काय?" हा प्रश्न मला पोराच्या काकानं विचारला. रागावूनच विचारला. मी त्याला बाजाराच्या दिवशीच्या एसटीचं उदाहरण दिलं.

ग्राही म्हणजे गाडीतल्या सीटा. हेरॉइन हा फुल तिकिटाचा दांडगा प्रवासी: एकदम घुसतो, गल्ला भरभरून देतो, आणि चार-सहा तासांत उतरून गाडी रिकामी करतो. मग पुन्हा आरडाओरडा. मेथाडोनही फुल तिकिटाचं, पण सावकाश चढतं आणि दिवसभर शांत बसून राहतं, म्हणून एका डोसात चोवीस तास निघतात. न्यूयॉर्कमध्ये डोल आणि निस्वांडर या डॉक्टरांनी १९६० च्या दशकाच्या मध्यात ही पद्धत घालून दिली. ब्युप्रेनॉर्फिनची तऱ्हा वेगळी. ते खिडकीतून दुपट्टा टाकून सीट धरणारं, एकदा बसलं की कोणाच्या बापाला उठवता येत नाही. पण तिकीट मात्र हाफ. २०२३ पासून आपल्या एसटीत बाया बसतात तसं: सीट पूर्ण, भाडं अर्धं. सगळी गाडी या प्रवाशांनी भरली तरी गल्ला एका मर्यादेपुढे जात नाही. म्हणून थरथर थांबते, तलफ शमते, पण ती धुंदी येत नाही आणि एकट्या या औषधानं श्वास थांबण्याचा धोका बराच कमी. वरून दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्या तर मात्र हा हिशेब बिघडतो. आणि मध्येच पोरानं पावडर घेतलीच, तर तिला बसायला सीट नाही.

याच कारणानं पहिली गोळी घाईनं घ्यायची नसते. हेरॉइन सीटवर बसलेलं असताना हा दुपट्टेवाला आला तर त्याला उठवून स्वतः बसतो. गल्ला एकदम फुलवरून हाफवर येतो, आणि अंगावर शहारे. म्हणून डॉक्टर त्रास सुरू होईपर्यंत, साधारण बारा तास, थांबायला लावतात.

नाल्ट्रेक्सोन नावाची तिसरी गोळी आहे. ती म्हणजे सीटवर ठेवलेलं गाठोडं, तिकीटच नाही. अडवते, पण देत काही नाही. ती सुरू करायला आधी सात-दहा दिवस अफूवर्गातलं काहीही पोटात नसावं लागतं. मन घट्ट असलेल्याला आणि घरचं लक्ष असलेल्याला चालते. बाकीचे आठवडाभरात बंद करतात असंच डॉक्टर सांगतात.

काकाला पटलं की नाही, ठाऊक नाही. पण मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २००५ पासून आहेत, आणि ही औषधं चालू असताना मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली येतं, असं अनेक देशांच्या नोंदींतून दिसलंय. धोका पुन्हा चढतो तो औषध बंद केल्यावरच्या पहिल्या महिन्यात. म्हणून "तीन महिने झाले, आता बस" हे डॉक्टरनं म्हणावं, काकानं नाही. वर्ष, दोन वर्षं, कधी त्याहून जास्त. समुपदेशन, कामधंदा, रात्री फोन घेणारा कोणीतरी, हे सगळं त्याच्या जोडीला लागतंच. महाराष्ट्रात त्याची मळवाट घालून देणारं मुक्तांगण डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलं, तेही गर्दच्याच लाटेत.

ब्युप्रेनॉर्फिनची गोळी साध्या मेडिकलमध्ये मिळत नाही. मान्यताप्राप्त व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा सरकारी दवाखान्याच्या मनोविकार विभागातूनच मिळते. जिल्ह्याला कुठे मिळेल ते १४४४६ या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर विचारता येतं. मानसिक त्रासासाठी १४४१६. नागपूरकडे ज्याच्या धाडींच्या बातम्या येतात ते एमडी, म्हणजे मेफेड्रोन, वेगळ्या जातीचं. त्यावर या गोळीचा उपयोग नाही, तेव्हा पोरगं नेमकं काय घेतं ते डॉक्टरला खरं सांगा.

पोलिसांच्या भीतीनं लपवणारे पुष्कळ. अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याचं कलम ६४अ मात्र सेवनासाठी किंवा थोड्या मालासाठी पकडलेला माणूस स्वतःहून उपचाराला तयार झाला आणि त्यानं तो पूर्ण केला, तर खटल्यापासून संरक्षण देतं. आणि साखळीनं बांधून व्यसन सोडवणाऱ्या 'केंद्रां'चं म्हणाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात असं बांधायला सरळ बंदी आहे, आणि व्यसनातून आलेला आजार त्या कायद्यात मोडतो. एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या 'रुग्णाच्या नकळत' जाहिरातींबद्दल काय लिहावं? नकळत कोणाला काही खाऊ घालणं हा उपचार नव्हे, एवढंच.

मागच्या पोळ्याला मी पुन्हा त्या घरी गेलो. सव्वा वर्ष झालं होतं. पोरगं आता दर पंधरवड्याला जिल्ह्याच्या गावी जाऊन गोळ्या आणतं, आणि त्या आईच्या कुलपाच्या डब्यात असतात. रोज सकाळी ती एक काढून देते. ही गोळी गिळायची नसते, गिळली तर यकृतच बहुतेक संपवून टाकतं. जिभेखाली धरायची, पाच-दहा मिनिटं, विरघळेपर्यंत बोलायचं नाही.

"थेच दहा मिनिटं मले सापडते," आई म्हणाली. "बाकी टाइम तो आयकते कुठं?"

तिनं डबा बंद केला, त्याच्या समोर बाज ओढून बसली आणि सुरू झाली: सोयाबीनचा भाव, काकाचा बांधावरचा तंटा, याच्या लग्नाचं. तो तोंड मिटून मान हलवत होता.