अस्सलतेचा निवाडा (पाश्चात्त्य टीव्ही मालिका)

इंग्लंड-अमेरिकेकडच्या मालिका बघताना "हे खरंच असं असतं का?" असा प्रश्न बघणाऱ्याच्या मनात येतो, आणि स्वतःला जे ठाऊक आहे त्यावरून तो त्याचा निकालही लावून टाकतो, त्याला इथे अस्सलतेचा निवाडा म्हटलंय. मराठी समीक्षेत याच्या आसपासचे शब्द आधीपासून आहेत, वास्तवाभास, प्रत्ययकारिता, कालविपर्यास (एका काळातली गोष्ट दुसऱ्याच काळात दाखवणं) वगैरे, पण ते सगळे कलाकृतीच्या बाजूने बोलतात, निवाडा करणारा माणूस कोण आणि त्याला तो हक्क कुठून मिळाला हे त्यात येत नाही. ही नोंद मुख्यतः त्या माणसाबद्दल आहे. नर्सने बघितलेली हॉस्पिटलची मालिका आणि बाकीच्यांनी बघितलेली तीच मालिका या जवळजवळ दोन वेगळ्या मालिका असतात.

कल्पनेचं मूळ कुठे धरायचं यावर एकमत नाही. इंग्रजीत लिहिणारे बहुतेक जण इंग्रज कवी कोलरिजपासून (१८१७) सुरुवात करतात, म्हणजे वाचक काही वेळापुरता आपणहून अविश्वास बाजूला ठेवतो ही कल्पना. आपल्याकडे नाट्यशास्त्रातला लोकधर्मी (लोकव्यवहारासारखं) आणि नाट्यधर्मी (रंगभूमीच्या संकेतांनुसार) हा भेद त्याहून कितीतरी जुना आहे (ग्रंथाचा काळ साधारण इसवी सनाच्या आगेमागे धरतात, त्यात दोनेक शतकं इकडेतिकडे). न. चिं. केळकरांनी १९२१च्या बडोद्याच्या संमेलनात मांडलेली सविकल्प समाधीही इथे आठवायला हवी, वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो पण आपण आपण आहोत ही जाणीव सोडत नाही. मला ही मांडणी कोलरिजपेक्षा या विषयाला जवळची वाटते, कारण मालिका बघणारा अविश्वास बाजूला ठेवतच नाही, तो रडत असतो आणि त्याच वेळी मागच्या भिंतीवरचं घड्याळ बरोबर आहे का हेही बघत असतो.

टीव्हीपुरता अभ्यास मात्र डलास या अमेरिकन मालिकेपासून (१९७८ ते १९९१) सुरू झाला असं साधारण धरलं जातं. अभ्यासक ईन आंग यांनी नेदरलँड्समधल्या एका महिला मासिकात छोटी जाहिरात देऊन डलास बघणाऱ्यांची मतं मागवली, ४२ पत्रं आली, त्यावरचं पुस्तक डच भाषेत १९८२ला आणि इंग्रजीत १९८५ला आलं. टेक्ससमधल्या तेलसम्राटांचं आयुष्य आपल्यासारखं नाही हे पत्र लिहिणाऱ्यांना कळत होतं, तरी अनेकांना ती मालिका खरी वाटत होती, कारण भांडणं, संशय, घरातली घुसमट ओळखीची होती. आंग यांनी याला भावनिक वास्तव म्हटलं. नंतर तमार लिबेस आणि एलिहू कॅट्झ या संशोधकांनी (पुस्तक १९९०) इस्रायलमधले अरब, मोरोक्कन ज्यू, रशियातून आलेले आणि किबुत्झमधले (सामूहिक वस्तीत राहणारे) लोक, शिवाय अमेरिकन आणि जपानी, अशा गटांना डलास दाखवून चर्चा घडवल्या. अरब आणि मोरोक्कन गट पात्रांबद्दल खऱ्या माणसांसारखं बोलले, रशियन गट यामागे काय पटवून द्यायचंय हे शोधत बसला, आणि जपानी लोकांना त्यात इतकी विसंगती दिसली की मालिका तिकडे चाललीच नाही. पुढे ॲलिस हॉल यांनी (२००३) लोक वास्तव हा शब्द सहा अर्थांनी वापरतात असं दाखवलं: घडू शकेल का, नेहमी घडतं का, खरंच घडलं का, मनाला भिडतं का, कथेत मेळ आहे का, दिसायला खरं दिसतं का. हे सहा कप्पे उपयोगी आहेत, तरी आंग यांच्या ४२ पत्रांत जे सापडतं ते या कप्प्यांत पूर्ण मावत नाही असं माझं मत.

सगळ्यात बारीक निवाडा होतो तो भाषेचा, त्यामुळे इथे जरा थांबायला हवं. वस्तूंच्या चुका सहज दिसतात. डाउनटन ॲबी (२०१० ते २०१५) या शंभरेक वर्षांपूर्वीच्या इंग्रज उमराव घराण्याच्या मालिकेत छपरावरचा टीव्हीचा अँटेना आणि रस्त्यावरच्या दोन पिवळ्या रेघा (पार्किंगबंदीची आजची खूण) प्रेक्षकांनी पहिल्याच वर्षी पकडल्या होत्या, आणि ऑगस्ट २०१४ला प्रसिद्धीसाठी दिलेल्या फोटोत १९२४च्या दिवाणखान्यात प्लॅस्टिकची पाण्याची बाटली निघाली, मग कलाकारांनी हातात बाटल्या धरून पाण्यासाठी काम करणाऱ्या संस्थेकरता नवा फोटो काढला. बाटली एकदा दिसली की दिसली. पण पात्र जे बोलतंय ते त्या काळात कुणी तसं बोललं असतं का हे ठरवायला वेगळाच कान लागतो. याच मालिकेतला "लर्निंग कर्व्ह" (नवं काम शिकण्याचा वेग) हा शब्दप्रयोग अनेकांच्या कानाला खटकला, त्या काळातल्या खानदानी तरुणाच्या तोंडी तो बसत नाही.

बेंजामिन श्मिट या इतिहासकाराने २०१२च्या सुमारास यावर एक पद्धत बसवली. मालिकेच्या संवादांतले दोन-तीन शब्दांचे तुकडे काढायचे आणि तेच तुकडे त्या काळातल्या छापील पुस्तकांत किती वेळा येतात ते गूगलच्या साठ्यात तपासायचं. मॅड मेन (२००७ ते २०१५) ही १९६०च्या दशकातल्या जाहिरात कंपनीची मालिका, जिचे कपडे, फर्निचर, दारूचे ग्लास सगळं काटेकोर म्हणून नावाजलं गेलं, तिच्यात त्यांना ढोबळ चुका फार सापडल्या नाहीत, सापडलं ते असं की "आय नीड टू" (मला हे करायची गरज आहे) हे पात्रं सारखं म्हणतात आणि "ऑट टू" (करायला हवं) फार कमी, त्या काळच्या लिखाणात मात्र "ऑट टू"चा वापर कितीतरी जास्त. म्हणजे एकेक वाक्य सुटं घेतलं तर बरोबर, पण सगळी मिळून आजची. अशा काळाआधी आलेल्या गोष्टीला तिकडे प्रोक्रोनिझम म्हणतात, मराठीत कालविपर्यासाचाच एक प्रकार धरावा. या पद्धतीवर आक्षेप असा की पुस्तकातली भाषा आणि बोलण्यातली भाषा एक नसते, आणि ऑफिसातली माणसं पुस्तकासारखी बोलत नसतात. आक्षेप रास्त आहे, पण मला वाटतं त्याने निष्कर्ष थोडा सैल होतो, मोडत नाही. "ऑट टू"चा फरक इतका मोठा आहे की नुसत्या बोलीच्या वळणाने तो भरून निघत नाही.

याची उलटी बाजूही आहे. खरी गोष्ट खोटी वाटते. लेखिका जो वॉल्टन यांनी याला टिफनीची अडचण असं नाव दिलंय, टिफनी हे नाव मध्ययुगातलं आहे पण मध्ययुगीन कथेत ते घातलं तर आजचं नाव वाटून वाचणारा हसेल. त्यामुळे मालिकावाल्यांना कधीकधी खरं सोडून खरं वाटणारं घ्यावं लागतं, ही तडजोड प्रेक्षकाला सहसा दिसतही नाही.

बोलण्याच्या ढबीचं गणित आणखी वेगळं. नार्कोस (२०१५) मध्ये कोलंबियाचा अमली पदार्थांचा तस्कर पाब्लो एस्कोबारचं काम ब्राझीलच्या वॅग्नर मोरा यांनी केलं, त्यासाठी ते तिथल्या मेडेयिन शहरात जाऊन स्पॅनिश शिकले. बाकी जगाला ते उत्तम वाटलं, कोलंबियातल्या प्रेक्षकांना मात्र त्यात पोर्तुगीज ऐकू येत राहिलं, आणि बाकीची पात्रंही वेगवेगळ्या देशांची स्पॅनिश बोलताना दिसली. कोल्हापूरच्या माणसाचं काम करणारा नट नागपुरी ढबीत बोलला तर आपल्याला जे होईल तेच हे, सबटायटल वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. १९८६च्या सोव्हिएत अणुभट्टीच्या स्फोटावरच्या चेर्नोबिलवाल्यांनी (२०१९) हा प्रश्नच टाळला, नटांना खोटी रशियन ढब न देता आपापल्या, बहुतांशी ब्रिटिश, ढबीतच बोलू दिलं, आणि ते बहुतेकांना चाललं. जुन्या जपानात घडणाऱ्या शोगुन (२०२४) मध्ये तिसरा रस्ता घेतला, बहुतेक संवाद जपानीच ठेवले, इंग्रजी संहिता जपानीत करून मग ती जपानी नाटककाराकडून जुन्या काळच्या भाषेत बसवून घेतली, निर्मात्यांत मुख्य नट हिरोयुकी सानादा स्वतः होते. त्या वर्षी या मालिकेला १८ एमी (अमेरिकन टीव्हीचे पुरस्कार) मिळाले.

चेर्नोबिलबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण एकाच मालिकेवर दोन उलटे निवाडे इतके स्पष्ट क्वचितच मिळतात. पाच भागांची ही मालिका बरीचशी लिथुआनियात चित्रित झाली, आणि सोव्हिएत काळात वाढलेल्या कित्येकांनी स्वयंपाकघरं, कपडे, कचऱ्याच्या बादल्यांपर्यंत सगळं आपल्या लहानपणासारखं आहे म्हणून कौतुक केलं. पत्रकार माशा गेसेन यांनी मात्र त्याच वर्षी लिहिलं की वस्तू अचूक असल्या तरी सत्तेचे संबंध चुकलेत, सोव्हिएत व्यवस्थेत एकटा शास्त्रज्ञ उठून वरिष्ठांना असं सुनावेल हे घडणारं नव्हतं. घटनांतही बदल आहेत. उलाना खोम्युक हे पात्र अनेक शास्त्रज्ञांना मिळून केलेलं आहे, हेलिकॉप्टर पडलं ते २ ऑक्टोबर १९८६ला पण मालिकेत स्फोटानंतरच्या पहिल्या दिवसांतच पडतं, मालिकेतले मुख्य शास्त्रज्ञ लेगासोव्ह स्फोटाबद्दलच्या १९८७च्या खटल्याला प्रत्यक्षात हजरच नव्हते, त्यांच्या मृत्यूची तारीख बहुतेक नोंदींत २७ एप्रिल १९८८ आहे आणि मालिकेत ती एक दिवस आधी आणून स्फोटाच्या वेळेशी जुळवलीय. लेखक क्रेग मेझिन यांनी सोबतच्या पॉडकास्टमध्ये कुठे काय बदललं ते भागागणिक सांगितलं. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. तरी गेसेन यांचा आक्षेप त्याने सुटत नाही, कारण तो तारखांबद्दल नाहीच.

धंद्यातल्या माणसांचा निवाडा कडक असतो आणि त्याला वजनही असतं. द वायर (२००२ ते २००८, ६० भाग) ही बाल्टिमोर शहरातले पोलीस आणि टोळ्या यांची मालिका लिहिणारे डेव्हिड सायमन बाल्टिमोरच्या पेपरात गुन्हेवार्ता करत, सहकारी एड बर्न्स तिथल्याच पोलिसात डिटेक्टिव्ह आणि मग शाळेत शिक्षक होते, आणि सरासरी प्रेक्षकासाठी नाही तर ज्यांचं हे जग आहे त्यांना पटावं म्हणून लिहितो अशी सायमन यांची जाहीर भूमिका होती. समाजशास्त्रज्ञ सुधीर वेंकटेश यांनी २००८ला शेवटचा सीझन खऱ्याखुऱ्या टोळीवाल्यांसोबत बसून पाहिला. त्या टोळीवाल्यांचा पहिलाच निकाल असा की बंक हा सज्जन पोलीस नक्की पैसे खात असणार, इतका चांगला पोलीस असूच शकत नाही. बाकीचं जग त्यांना ओळखीचं वाटलं म्हणूनच ते एका पात्राबद्दल इतक्या खात्रीने भांडू शकले.

डॉक्टरांच्या तक्रारी जुन्या आहेत, सरळ रेघ आलेल्या हृदयाला शॉक देणं ही त्यातली सगळ्यात जुनी. १९९६ला एका वैद्यकीय नियतकालिकात ईआर, शिकागो होप आणि रेस्क्यू ९११ या तीन कार्यक्रमांतल्या सीपीआरची (बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबून केलेला उपचार) मोजदाद छापून आली, त्यात ७५ टक्के रुग्ण लगेचच्या संकटातून वाचत होते आणि ६७ टक्के घरी जाताना दिसत होते, प्रत्यक्षात हे प्रमाण फारच खाली असतं. नातेवाईक निर्णय घेतात तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर टीव्हीवरचा रुग्ण असतो, म्हणून हा प्रश्न करमणुकीपुरता राहत नाही. २०२५च्या द पिट या हॉस्पिटलच्या मालिकेचं डॉक्टर-नर्सांनी कौतुक केलं ते मुख्यतः तुंबलेली वेटिंग रूम आणि थकलेला स्टाफ यासाठी, तिच्या लेखक-निर्मात्यांत जो सॅक्स हे स्वतः इमर्जन्सीचे डॉक्टर आहेत. ब्रेकिंग बॅडला (२००८ ते २०१३) रसायनशास्त्राच्या प्राध्यापक डॉना नेल्सन यांचा सल्ला होता, तरी त्यातल्या मेथ या अमली पदार्थाचा निळा रंग कथेसाठी ठेवला गेला, शुद्ध पदार्थ निळा नसतो.

कोर्टातला सीएसआय इफेक्ट (सीएसआय ही प्रयोगशाळेत गुन्हे उकलणाऱ्यांची मालिका, २००० पासून) बराच गाजला, म्हणजे मालिका बघून ज्युरी प्रत्येक खटल्यात डीएनए मागतात वगैरे. न्यायाधीश डोनाल्ड शेल्टन यांनी मिशिगनमध्ये ज्युरीसाठी बोलावलेल्या हजारेक लोकांना विचारलं, ४६ टक्के लोकांची प्रत्येक फौजदारी खटल्यात शास्त्रीय पुरावा असावा अशी अपेक्षा होती, पण मालिका बघणारे न बघणाऱ्यांपेक्षा जास्त आरोपी सोडतील असं काही दिसलं नाही. दोष मालिकेचा नसून एकूण तंत्रज्ञान वाढल्याचा आहे असं त्यांनी सुचवलं, तेच जास्त पटतं.

ब्रिटिश राजघराण्यावरच्या द क्राउनवरून (२०१६ ते २०२३) वाद झाला तो पाटीचा. २०२०ला ब्रिटनचे सांस्कृतिक मंत्री ऑलिव्हर डाउडन यांनी हे काल्पनिक आहे अशी सूचना लावा म्हटलं, नेटफ्लिक्सने नकार दिला, ऑक्टोबर २०२२ला अभिनेत्री ज्युडी डेंच यांनी तशीच मागणी करत वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, आणि मग पाचव्या सीझनच्या ट्रेलरखालच्या वर्णनात तशी ओळ आली.

भारत दाखवणाऱ्या पाश्चात्त्य मालिकांत हा निवाडा आपल्या हातात येतो. इंडियन समर्समधलं (२०१५-१६) सिमला मलेशियातल्या पेनांगला चित्रित झालं. शांताराम (२०२२) ही एका सीझनमध्ये थांबलेली मालिका १९८०च्या दशकातल्या मुंबईची, कोविडमुळे ती मुंबई बरीचशी थायलंडमध्ये उभी केली. आपल्याकडच्या माणसाला इथे काय तपासावं हे कुणी सांगावं लागत नाही, दुकानांच्या पाट्या, टॅक्सीचा रंग, झोपडपट्टीतल्या माणसाच्या तोंडी कुठली हिंदी आहे, उजेड समुद्राजवळचा वाटतो का. ज्या कादंबरीवर (२००३) ती बेतलीय तिच्यात नायक महाराष्ट्रातल्या खेड्यात महिनोन्‌महिने राहून मराठी शिकतो आणि तीच मराठी त्याला पुढे मुंबईत कामाला येते, त्यामुळे मराठी बघणारा पहिल्या भागापासून कान लावून बसतो तो मराठी कधी ऐकू येते आणि कुणाच्या तोंडून, यासाठी.