टोकेलाऊ: जमीन १२ चौरस किमी, समुद्र महाराष्ट्रापेक्षा मोठा

पॅसिफिक महासागरातल्या टोकेलाऊला विमानाने जाता येत नाही, कारण तिथे विमानतळच नाही. सामोआतल्या एपियाहून बोट पकडायची, साधारण ५०० किमी उत्तरेला, एक दिवस-रात्र तरी जातेच, आणि पोचल्यावरही जहाज किनाऱ्याला लागत नाही कारण बंदरही नाही. मग ते रीफच्या, म्हणजे बेटाभोवतीच्या प्रवाळाच्या कड्याच्या, बाहेर थांबतं आणि माणसं, तांदळाच्या गोण्या, सिमेंट, फ्रीज, सगळं छोट्या बार्जवर उतरवून रीफ फोडून केलेल्या अरुंद वाटेने आत नेतात. समुद्र खवळलेला असेल तर बसा वाट बघत.

हा न्यूझीलंडचा प्रदेश, अटाफू, नुकुनोनू आणि फकाओफो अशा तीन अटॉलचा. अटॉल म्हणजे प्रवाळाचं कडं आणि मधे लगून, म्हणजे खाऱ्या पाण्याचं तळं, आपल्याकडे लक्षद्वीपमधे हाच प्रकार आहे. मूळ ज्वालामुखीचं बेट हळूहळू खाली खचत जातं आणि त्याच्या कडेचं प्रवाळ मात्र वर वाढत राहतं, शेवटी डोंगर गायब आणि कडं शिल्लक, हे डार्विनने १८४२ मधेच मांडलं होतं. त्या कड्यावर लाटांनी आणून टाकलेली वाळू आणि प्रवाळाचा चुरा साठला की झालं बेट. तिन्ही मिळून जमीन १० ते १२ चौरस किमी, उंची फार तर ५ मीटर, लोक दीड हजाराच्या आसपास. फकाओफोचं जुनं गाव तर एवढं दाटीवाटीचं की तिथली डुकरं ओहोटीला रीफवर जाऊन शिंपल्या वगैरे शोधून खातात. पोहणारी डुकरं, हो.

समुद्राची पातळी वाढतेय आणि ही बेटं बुडणार हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण त्याच्या आधीचा प्रश्न पिण्याच्या पाण्याचा आहे आणि त्यावर कोणी फारसं बोलत नाही. इथे नदी नाही, ओढा नाही. पाऊस वाळूत मुरतो आणि गोडं पाणी हलकं असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. ढोबळ हिशोब असा की गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा १ फूट वर असेल तर खाली साधारण ४० फूट गोडं पाणी असतं, पण एवढ्या चिंचोळ्या बेटावर तो साठा पातळच राहतो आणि जास्त उपसलं की खालून खारं वर येतं. म्हणून खरी मदार छपरावरून टाकीत उतरवलेल्या पावसावर. २०११ मधे ला निना (पॅसिफिकचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा थंड राहतं ती स्थिती) लांबला आणि कित्येक महिने नीट पाऊसच नाही, टाक्या तळाला गेल्या, ऑक्टोबरमधे आणीबाणी जाहीर करून जहाजाने पाणी न्यावं लागलं. जो ला निना आपल्याकडे बहुतेक वेळा चांगला पाऊस देतो तोच तिकडे घसा कोरडा करतो.

विजेचं मात्र त्यांनी झकास जमवलं. आधी सगळं डिझेलवर चालायचं, म्हणजे प्रत्येक पिंप त्याच बार्जवरून आत यायचं. २०१२ मधे तिन्ही अटॉलवर मिळून ४,०३२ सोलर पॅनल आणि १,३४४ बॅटऱ्या बसवल्या आणि जवळजवळ सगळी वीज उन्हातून यायला लागली, ढगाळ दिवसांसाठी जनरेटर ठेवलाय.

पैसा येतो कुठून? नारळ, सुकं खोबरं यावर काही भागत नाही. जमीन एवढीशी असली तरी भोवतालचं हक्काचं समुद्रक्षेत्र ३ लाख १९ हजार चौरस किमी आहे, महाराष्ट्रापेक्षा जास्त, आणि त्यात ट्यूना मासा आहे. परदेशी बोटी तिथे मासेमारीसाठी परवाना फी भरतात, तीच स्वतःची मोठी कमाई, बाकी न्यूझीलंडची मदत. बऱ्याच जणांना टोकेलाऊ माहीत असतं ते डॉट टीके या, २०२३ पर्यंत फुकट मिळणाऱ्या, वेबसाइटच्या नावांमुळे, जी स्पॅमवाल्यांनी भरपूर वापरली.

गावातल्या माशांचा हिशोब मात्र वेगळा. गावाने मिळून पकडलेले मासे किनाऱ्यावर आणून जमिनीवर मांडतात, घरात माणसं किती त्याप्रमाणे वाटे पडतात आणि पोरं येऊन आपापल्या घरचा वाटा घेऊन जातात. याला इनाती म्हणतात. विधवा, म्हातारे, ज्यांच्या घरात मासे मारणारं कोणी नाही, सगळ्यांना वाटा. मला तरी हे परोपकारापेक्षा शहाणपणाचं वाटतं, जिथे दुकानातला माल बोटीच्या भरवशावर तिथे एक घर उपाशी राहिलेलं सगळ्या गावाला दिसतं. कारभारही तसाच, गावचे निर्णय वडीलधाऱ्यांची परिषद घेते, तिला तौपुलेगा म्हणतात, आणि सगळ्या टोकेलाऊचं प्रमुखपद दरवर्षी एकेका अटॉलकडे फिरतं.

स्वराज्य घ्या असं न्यूझीलंड आणि संयुक्त राष्ट्रसंघ दोघंही सांगत होते. २००६ मधे सार्वमत झालं, ६० टक्के हो म्हणाले, पण अट होती दोन तृतीयांशची. २००७ मधे परत घेतलं, ६९२ पैकी ४४६ हो, फक्त १६ मतं कमी पडली. नागरिकत्व न्यूझीलंडचंच राहणार होतं तरी लोक बिचकले, आणि ते समजण्यासारखं आहे, कारण बेटांवर आहेत त्याच्या कित्येक पट टोकेलाऊवाले न्यूझीलंडमधे राहतात, प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी तिकडे. मत द्यायचा हक्क मात्र फक्त बेटांवर राहणाऱ्यांना होता.