‘तारणारा एकच’ आणि ‘तरणारे आम्हीच’

धर्मांवर वाद रंगला की एक वाक्य हमखास येतं: ख्रिस्ती लोकांच्या मते त्यांच्याखेरीज कुणाचीच सुटका नाही. टीकाकार ते चिडून म्हणतात, काही भाविक छाती फुगवून म्हणतात. पण या एका वाक्यात दोन वेगवेगळे दावे मिसळून गेलेले असतात. पहिला असा की माणसाचं तारण (पापापासून सुटका) होतं ते येशू ख्रिस्तामुळेच. दुसरा असा की तारण होतं ते फक्त ख्रिस्ती माणसांचंच. तारण येतं कुठून, हे पहिला सांगतो. ते कुणाच्या पदरात पडतं, हे दुसरा. पहिला मान्य करून दुसरा नाकारणारे ख्रिस्ती पूर्वीही होते, आजही पुष्कळ आहेत.

पहिला दावा बायबलमध्ये अगदी ठळक आहे. योहानाच्या शुभवर्तमानात (14:6) येशू स्वतःलाच मार्ग, सत्य आणि जीवन म्हणतो आणि आपल्याद्वारे आल्यावाचून कुणी पित्याकडे येत नाही असं सांगतो. प्रेषितांच्या कृत्यांत (4:12) येशूचा शिष्य पेत्र म्हणतो की तारण दुसऱ्या कुणाकडूनही नाही. ही वचनं कितीही मवाळ करून वाचली तरी ‘सगळे मार्ग सारखेच’ असा अर्थ त्यांतून निघत नाही. तसा तो काढणाऱ्यांनी मूळ उतारे पुन्हा एकदा वाचावेत.

आता बायबलच्या जुन्या करारातल्या अब्राहामाकडे बघा. तो येशूच्या कितीतरी शतकं आधीचा. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता, येशूचं नाव त्याच्या कानावर पडण्याचा प्रश्नच नव्हता. तरी प्रेषित पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात विश्वासाचा नमुना म्हणून त्यालाच पुढे करतो. अब्राहाम तरला नाही, असं कट्टरातला कट्टर ख्रिस्तीही म्हणणार नाही. तो तरला तो ख्रिस्तामुळेच, असंच उत्तर मिळेल. म्हणजे निदान एका माणसाच्या बाबतीत तरी पहिला दावा खरा आणि दुसरा खोटा, हे सगळ्यांनाच कबूल आहे. खरा वाद एवढाच उरतो की ही सवलत ख्रिस्तपूर्व काळापुरती होती, की ज्यांच्यापर्यंत सुवार्ता (येशूचा संदेश) पोचलीच नाही अशा आजच्या माणसांनाही ती लागू आहे.

दुसरा दावा मग आला कुठून? त्यासाठी नेहमी तिसऱ्या शतकातल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन याचा हवाला दिला जातो: चर्चबाहेर तारण नाही. पण त्याचा वाद इतर धर्मीयांशी नव्हताच. चर्चमधून फुटून निघालेल्या गटांनी दिलेला बाप्तिस्मा धरायचा की नाही, हे भांडण चाललं होतं. पुढे मात्र हेच सूत्र सगळ्या जगाला लावलं गेलं. 1442 मध्ये फ्लोरेन्सच्या धर्मपरिषदेने स्पष्टच म्हटलं की मूर्तिपूजक, यहुदी, पाखंडी आणि फुटीर हे मरणापूर्वी चर्चमध्ये आले नाहीत तर सार्वकालिक अग्नीत जातील.

या सूत्राचा शब्दशः अर्थ घेणाऱ्याचं काय झालं, तो किस्सा सांगण्यासारखा आहे. लेनर्ड फीनी हे अमेरिकेतले जेझुइट या कॅथलिक संघाचे पाद्री. विसाव्या शतकाच्या मध्याला ते बॉस्टन परिसरात ठासून शिकवत होते की कॅथलिक नसलेल्याला तारण नाही. 1949 मध्ये रोमहून बॉस्टनच्या आर्चबिशपना पत्र आलं: चर्चमध्ये येण्याची इच्छा मनात नकळत असली तरी ती पुरेशी ठरू शकते. फीनी हटले नाहीत. 1953 मध्ये त्यांना बहिष्कृत करण्यात आलं. अधिकृत कारण आज्ञाभंगाचं होतं, पण ‘चर्चबाहेर तारण नाही’ म्हणणाराच चर्चबाहेर गेला, ही गंमत उरतेच. 1972 मध्ये त्यांना परत घेतलं, तेही शिकवण मागे घ्यायला न लावता.

1964 मध्ये कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1949 च्या पत्रातली ही भूमिका अधिकृतपणे मांडली. स्वतःचा दोष नसताना ज्यांना सुवार्ता ठाऊक नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि कृपेच्या बळावर सदसद्विवेकबुद्धीला स्मरून जगू पाहतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. ही जुन्याच शिकवणीची वाढ आहे, असं कॅथलिक धर्मपंडित सांगतात. 1442 चा मजकूर शेजारी ठेवला की मला ते जरा ओढूनताणून वाटतं.

प्रोटेस्टंटांत एकवाक्यता नाही. सतराव्या शतकातला वेस्टमिन्स्टरचा विश्वासनामा, म्हणजे प्रोटेस्टंट श्रद्धेचा एक जाहीरनामा, घ्या. त्याच्या दहाव्या अध्यायात, बालपणीच मेलेली आणि ज्यांना वचन ऐकणं शक्यच नाही अशी देवाने निवडलेली माणसं ख्रिस्ताद्वारे तरतात असं म्हटलंय. त्याच अध्यायात, ख्रिस्ती धर्म न मानणारे कितीही नेकीने जगले तरी तरू शकत नाहीत, असंही बजावलंय. 1974 च्या लोझान करारानेही (इव्हँजेलिकल प्रोटेस्टंटांच्या जाहीरनाम्याने) तारणारा एकच असं ठणकावलं आणि ख्रिस्त सगळ्या धर्मांतून सारखाच बोलतो ही कल्पना नाकारली.

दुसरा दावा सोडला म्हणजे सगळे धर्म सारखे ठरले, असंही नाही. येशू क्रुसावर मेला हे ख्रिस्ती श्रद्धेचं मूळ. तो क्रुसावर चढलाच नाही, असं कुराण (4:157) सांगतं. दोन्ही एकाच वेळी खरं असणार नाही, आणि हे म्हणायला कुणाला नरकात धाडावं लागत नाही. जॉन हिक या ब्रिटिश तत्त्वज्ञाने मात्र पहिलाच दावा सोडला. त्याच्या मते सगळे धर्म एकाच परम सत्याला दिलेले मानवी प्रतिसाद आहेत.

मधली वाट मांडणारं ठळक नाव कार्ल राहनर या जर्मन धर्मशास्त्रज्ञाचं. नकळत ख्रिस्ताच्या कृपेला प्रतिसाद देणाऱ्यांना तो ‘अनामिक ख्रिस्ती’ म्हणायचा. न विचारता दुसऱ्याच्या कपाळी आपलं लेबल चिकटवण्याचा हा प्रकार अनेकांना खटकला. जपानी तत्त्वज्ञ निशितानी केइजी यांनी त्याला विचारलं, मी तुम्हाला अनामिक झेन बौद्ध म्हटलं तर? राहनर म्हणाला, तुमच्या दृष्टीने तुम्ही खुशाल म्हणा, तो मी माझा सन्मानच समजेन. फक्त तुमचं चुकतंय, असं मला मानावं लागेल.