कार्यालयाला सूट आणि माहितीला सूट

माहिती अधिकाराच्या कायद्यातून कोणती कार्यालये वगळावीत, या वादात दोन वेगळ्या तरतुदींची हमखास गल्लत होते. एकीमुळे संपूर्ण कार्यालयच कायद्याच्या कक्षेबाहेर जाते. दुसरीमुळे कार्यालय कक्षेतच राहते, फक्त ठरावीक स्वरूपाची माहिती नाकारण्याची मुभा त्याला मिळते. अर्जदाराच्या हाती दोन्हीकडे नकारच पडत असल्याने फरक लक्षात येत नाही.

भारताच्या २००५ च्या अधिनियमात दोन्ही आढळतात. कलम ८ माहितीला सूट देते. देशाची सुरक्षा, तपासातील अडथळा, व्यापारी गुपिते अशी कारणे त्यात नमूद आहेत; मात्र नकार योग्य होता हे अपिलात सिद्ध करण्याची जबाबदारी नाकारणाऱ्या अधिकाऱ्यावर असते, कलम १० नुसार संरक्षित मजकूर वगळून उरलेला भाग देता येतो, आणि जनहित संभाव्य हानीपेक्षा मोठे असेल तर सूट असलेली माहितीही खुली करता येते. कलम २४ कागदाकडे पाहतच नाही. द्वितीय अनुसूचीत ‘आयबी’, ‘रॉ’ यांसारख्या संघटनांची नावे आहेत, २०११ मध्ये त्यांत सीबीआयची भर पडली, आणि भ्रष्टाचाराच्या किंवा मानवी हक्कांच्या उल्लंघनाच्या आरोपाशी निगडित माहिती सोडल्यास या संघटनांना अधिनियम लागू होत नाही.

सरन्यायाधीशांचे कार्यालय सार्वजनिक प्राधिकरण, म्हणजे अधिनियमाच्या कक्षेतले कार्यालय, असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले, तेव्हाही न्यायव्यवस्थेचे स्वातंत्र्य आणि खासगीपणा यांचा विचार प्रकरणागणिक करण्यास वाव ठेवला. कक्षेत येणे म्हणजे सर्व काही उघडे पडणे नव्हे.

ब्रिटनने एमआय ५ आणि एमआय ६ या गुप्तचर संस्था आपल्या माहितीच्या कायद्याबाहेर ठेवल्या. अमेरिकेत सीआयए ही गुप्तचर संस्था कक्षेत आहे, जरी तिच्या काही कार्यवाहीविषयक फाइलींना १९८४ च्या कायद्याने संरक्षण दिले असले तरी. कक्षेबाहेर आहेत ती संसद आणि संघीय न्यायालये. (गुप्तहेर आत आणि लोकप्रतिनिधी बाहेर, ही मांडणी काहीशी चमत्कारिकच म्हणावी लागेल.)

संस्थेला सरसकट सूट देण्यास माझा विरोध आहे, कारण गुप्तचर संस्थेतही भरती, खरेदी आणि निवृत्तिवेतनाच्या नोंदी असतातच. किरकोळ तपशील जोडून शत्रू मोठे चित्र उभे करू शकतो, हा प्रतिवाद मात्र वजनदार आहे. तरीही विशिष्ट कागद अस्तित्वात आहे किंवा नाही, हेसुद्धा न सांगण्याची मुभा सीआयएला कायद्याच्या कक्षेत राहूनच मिळते, आणि अशा उत्तराचे कारण तिला न्यायालयापुढे मांडावे लागते.