गळ्यातलं बटण खुंटीवर का राहतं?

एकट्या राहणाऱ्या वृद्ध व्यक्तीनं पडल्यावर मदत बोलवावी, यासाठी गळ्यात अडकवायचं बटण मिळतं. २००८ साली ब्रिटनमधल्या केंब्रिजच्या नव्वदीपुढील लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पडून बराच वेळ जमिनीवरच राहिलेल्यांपैकी अनेकांकडे मदत बोलवायची अशी सोय होती, पण बहुतेक वेळा ती वापरलीच गेली नाही. काहींना तिचा उपयोग वाटत नव्हता, काहींना कुणाच्या मदतीशिवाय उठायचं होतं, काहींना वापरताना अडचणी येत होत्या.

वृद्धांसाठीचं तंत्रज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येक विद्यापीठात पहिला तास या बटणाचा असावा, असं मला मनापासून वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०३० साली जगातल्या दर सहा माणसांमागे एक जण साठ किंवा त्याहून जास्त वयाचा असेल. आज विशीत असलेले अभियंते जी उपकरणं बनवतील, ती वापरणाऱ्यांत ही माणसं मोठ्या संख्येनं असणार.

या विषयाला ‘जेरॉनटेक्नॉलॉजी’ हे नाव नेदरलँड्समधल्या आइंडहोवन विद्यापीठातून मिळालं आणि १९९१ साली तिथेच त्याची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. वार्धक्याचा अभ्यास आणि अभियांत्रिकी एकत्र शिकायची, ही त्यामागची कल्पना.

म्हणजे आधी शरीर समजून घ्यायचं. वयानुसार डोळ्यातली बाहुली लहान होते, भिंग पिवळसर आणि धूसर होतं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. फिकट राखाडी अक्षरं तरुण डिझायनरला देखणी वाटतात, आजोबांना ती दिसतच नाहीत. कानाचं तर आणखी वेगळं. उंच पट्टीचे आवाज आधी जातात आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारख्या व्यंजनांची ओळख त्याच पट्टीत असते. त्यामुळे बोलणं ऐकू येतं, पण शब्द कळत नाही. ओरडून फारसा फायदा होत नाही, कारण ओरडण्यानं मुख्यतः स्वरच मोठे होतात. धोक्याची सूचना बारीक ‘पीप’नं देणारं उपकरण ज्याच्यासाठी बनवलं, त्यालाच ती ऐकू येत नाही. बोटांची कातडी कोरडी झाली की टचस्क्रीनला स्पर्श नीट कळत नाही, आणि बोट जरा रेंगाळलं तर फोन त्याचा ‘दाबून धरलं’ असा अर्थ लावतो. आजी मात्र ‘मलाच जमत नाही’ म्हणून फोन बाजूला ठेवते.

हे अनुभवायला विद्यार्थ्यांना खास पोशाख चढवतात. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठात वार्धक्याचा अभ्यास करणाऱ्या एजलॅबचा ‘अ‍ॅग्नेस’ हा असाच एक पोशाख. तो घातला की सांधे आखडतात, नजर मंदावते, तोल सांभाळणं कठीण होतं. त्याआधी डिझायनर पॅट्रिशिया मूर यांनी १९७९ पासून सुमारे तीन वर्षं, विशीत असताना, ऐंशीपुढच्या बाईचा वेश घेऊन अमेरिका आणि कॅनडातली शहरं पालथी घातली होती.

पोशाख उपयोगी आहे, पण अर्धाच. म्हातारपण एका दुपारी अंगावर चढत नाही. ते हळूहळू येतं आणि माणूस त्याच्याशी जुळवून घेत जातो. जिन्याची पायरी पायानं चाचपायची युक्ती ऐंशीतल्या माणसाला ठाऊक असते, पोशाखातल्या विद्यार्थ्याला नसते. त्याच्या हाती फक्त हतबलता लागते, आणि त्यातून दया उपजली तर तो पुन्हा गळ्यातलं बटणच बनवेल.

म्हणून वृद्धांनी वर्गात यावं, तेही तपासायचा नमुना म्हणून नव्हे, तर आराखड्यातले भागीदार म्हणून. घरातला कॅमेरा मुलांना हवा असतो, आईला नको असतो. अशा वेळी कुणाचं ऐकायचं? स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची संमती कशी घ्यायची, आणि काल दिलेली संमती आज धरायची का? हे प्रश्न पुस्तकापेक्षा समोरासमोर बसून लवकर उमगतात.

गुण कसे द्यावेत, याबद्दलही माझं मत पक्कं आहे. सत्राच्या शेवटी पंधरा मिनिटांचं सादरीकरण पुरेसं नाही. सत्राच्या मध्यावरच कच्चं उपकरण त्या भागीदाराच्या घरी ठेवावं, महिनाभर जाऊ द्यावा, मग विद्यार्थ्यांनी जाऊन पाहावं की ते कुठे आहे. खुंटीवर असेल तर का, हे त्याच माणसाकडून ऐकून लिहावं आणि उरलेल्या आठवड्यांत उपकरण बदलावं. सर्वांत जास्त गुण या बदलाला असावेत.